पुलावर कोरलेले गणित

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डब्लिनमधील एका वकिलाने आपल्या मुलाच्या विद्वत्तेचे वर्णन करणारे पत्र लिहिले. मुलगा तेव्हा दहा वर्षांच्या आसपास होता. हिब्रू, फारसी, अरबी त्याला येतात, संस्कृतात तो चांगलाच तयार झाला आहे, हिंदुस्थानी, मलय, बंगाली यांचा पाया घातला गेला आहे, चिनी आता सुरू करायची आहे. पण पुस्तके मिळत नाहीत आणि ती लंडनहून मागविण्यात बरीच रक्कम खर्ची पडली आहे, असे त्या पत्रात होते. भाषांच्या या यादीत एक नाव मराठीचेही होते. पुण्यात अजून पेशवाई नांदत होती आणि आयर्लंडमधील ट्रिम नावाच्या लहानशा गावात एक मुलगा मराठीशी ओळख करून घेत होता, असे हे चित्र. त्यातून बापाच्या कौतुकाचा भाग अर्थातच वजा करायला हवा. दहा वर्षांच्या मुलाला इतक्या भाषा कितपत येत असतील, याबद्दल अभ्यासकांनी पुढे शंकाच व्यक्त केली आहे. पण ईस्ट इंडिया कंपनीचा तो काळ होता आणि पूर्वेकडील भाषा जाणणाऱ्या तरुणाला कंपनीच्या चाकरीत किंमत होती, हेही खरे.

हा मुलगा कंपनीच्या चाकरीत गेला नाही. तो सर विल्यम रोवन हॅमिल्टन या नावाने आयर्लंडचा सर्वांत मोठा गणिती म्हणून ओळखला गेला. भाषा मागे पडल्या, गणित पुढे आले. त्या गणितातही ज्या प्रश्नाने त्यांना दशकाहून अधिक काळ छळले, तो वरकरणी अगदी शाळकरी वाटावा असा होता. दोन संख्यांचा गुणाकार केला, तर त्यांच्या आकारमानांचाही गुणाकार झाला पाहिजे, एवढेच त्यांचे मागणे होते. ते पुरे करण्यासाठी त्यांना अखेर अंकगणिताचा एक असा नियम सोडावा लागला, की जो सोडता येतो हे तोवर कोणाच्या मनातही आले नव्हते.

विल्यमचा जन्म १८०५ साली डब्लिन येथे, ३ आणि ४ ऑगस्टच्या मधल्या मध्यरात्री झाला. तीन वर्षांचा होण्याआधीच त्याला ट्रिम येथे काका जेम्स हॅमिल्टन यांच्याकडे धाडण्यात आले. काका धर्मोपदेशक होते आणि एक शाळाही चालवीत. भाषांचा सारा अभ्यास त्यांच्याच देखरेखीखाली झाला. १८१७ मध्ये आई गेली, १८१९ मध्ये वडील. चौदाव्या वर्षी मुलगा पोरका झाला. मधल्या काळात झेराह कोलबर्न नावाच्या अमेरिकन मुलाशी त्याची गाठ पडली होती. हा मुलगा मोठमोठे हिशेब तोंडी करून दाखवी आणि त्याचे जाहीर कार्यक्रम होत. तोंडी गणितात विल्यमला हार पत्करावी लागली. भाषांत अजिंक्य ठरलेल्या मुलाला हा पहिलाच धक्का होता.

पुढची वाटचाल वेगाने झाली. क्लेरो, न्यूटन आणि लाप्लास यांचे ग्रंथ त्याने बव्हंशी स्वतःच वाचून काढले. लाप्लास यांच्या खगोलीय यामिकीवरील ग्रंथातील एका युक्तिवादात त्याला चूक सापडली. ती पाहून आयर्लंडचे राजखगोलज्ञ जॉन ब्रिंकली प्रभावित झाले. १८२३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत तो पहिला आला. १८२७ मध्ये ब्रिंकली यांची जागा रिकामी झाली, तेव्हा ती या बावीस वर्षांच्याही न झालेल्या विद्यार्थ्याला देण्यात आली. अजून पदवीही हातात नव्हती आणि पुढे ग्रीनिचचे राजखगोलज्ञ झालेले जॉर्ज एरी यांच्यासारखे उमेदवार स्पर्धेत होते. डब्लिनपासून आठेक किलोमीटरवर असलेल्या डन्सिंक वेधशाळेत हॅमिल्टन राहायला गेले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. आकाशाचे वेध घेण्यात मात्र त्यांचे मन फारसे रमले नाही. दुर्बिणीपेक्षा त्यांना कागद प्रिय होता.

या यशाच्या आतच एक जखम होती. १८२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांची भेट कॅथरीन डिस्नेशी झाली आणि पाहताक्षणीच ते तिच्यात गुंतले. हातात उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला मागणी घालण्याचा अधिकारच नव्हता. काही महिन्यांतच तिचा विवाह वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या एका धर्मोपदेशकाशी ठरल्याचे त्यांना कळले. आत्महत्येचा विचारही त्या दिवसांत त्यांच्या मनात येऊन गेला. कविता लिहिणे हा त्यांचा विसावा झाला. १८२७ मध्ये इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात विल्यम वर्ड्सवर्थ यांच्याशी त्यांची मैत्री जुळली, तेव्हा त्यांनी आपल्या कविता या कविश्रेष्ठाला दाखविल्या. वर्ड्सवर्थ यांनी सौम्य शब्दांत, पण स्पष्टपणे, विज्ञानाचा मार्ग न सोडण्याचा सल्ला दिला. गणिताच्या इतिहासावर वर्ड्सवर्थ यांचे हे उपकारच म्हणायचे.

प्रकाशशास्त्रात आणि यामिकीत हॅमिल्टन यांनी जे केले, तेवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते. विशिष्ट स्फटिकात शिरलेला प्रकाशकिरण ठरावीक दिशेने गेल्यास पोकळ शंकूसारखा पसरेल, असे भाकीत त्यांनी १८३२ मध्ये निव्वळ गणिताच्या बळावर केले आणि त्याच वर्षाअखेर त्यांचे सहकारी हम्फ्री लॉइड यांनी ॲरागोनाइटच्या स्फटिकावर प्रयोग करून ते खरे ठरविले. १८३४ आणि १८३५ मध्ये त्यांनी यामिकीची जी नवी मांडणी केली, तिच्यातील हॅमिल्टोनियन हा शब्द आज पुंजयामिकीच्या प्रत्येक पुस्तकात भेटतो. १८३५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १८३७ मध्ये ते रॉयल आयरिश अकॅडमीचे अध्यक्ष झाले. पण त्यांचे स्वतःचे मन गुंतले होते ते वेगळ्याच ठिकाणी.

उणे एकाचे वर्गमूळ काय, हा प्रश्न सोळाव्या शतकातील इटालियन गणितींपासून चालत आला होता. कोणत्याही संख्येचा वर्ग उणे येत नाही, म्हणून या वर्गमुळाला काल्पनिक ठरविण्यात आले आणि त्यासाठी आय हे अक्षर रूढ झाले. नेहमीची संख्या आणि या आयची पट यांची बेरीज म्हणजे संमिश्र संख्या; मराठीत तिला सदसत् संख्या असेही नाव आहे आणि ते अधिक बोलके आहे. उदाहरणार्थ, तीन अधिक चार आय. अशा संख्येला लहान किंवा मोठी म्हणायचे कसे? त्यासाठी तिचा मापांक, म्हणजेच मॉड्युलस काढतात. रीत सोपी आहे. तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा, बेरीज पंचवीस, वर्गमूळ पाच. तीन अधिक चार आयचा मापांक पाच. आय चिन्हाचा वर्ग येथे घ्यायचा नसतो, त्याच्यासोबतच्या चाराचा घ्यायचा असतो. अकरावी-बारावीच्या वर्गात अनेकांचे गुण याच ठिकाणी जातात.

नॉर्वेत जन्मलेले भूमापक कास्पर वेसेल यांनी १७९७ मध्ये आणि त्यांच्या कामाची कल्पना नसताना आर्गाँ यांनी १८०६ मध्ये पॅरिसमध्ये या संख्यांना कागदावर जागा करून दिली. तीन पावले पूर्वेला आणि चार पावले उत्तरेला चालावे, म्हणजे तीन अधिक चार आय. निघालेल्या जागेपासूनचे सरळ अंतर पाच पावले, तोच मापांक. पायथागोरसचा सिद्धांतच तो. मॉड्युलस हा शब्दही आर्गाँ यांच्याच लेखनातून पुढे आला आणि कोशी यांनी १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात वापरल्यावर तो सर्वत्र रुळला.

या मापांकाचा खरा गुण गुणाकारात दिसतो. तीन अधिक चार आयला पाच अधिक बारा आयने गुणले, की उत्तर येते उणे तेहेतीस अधिक छप्पन्न आय. पहिल्याचा मापांक ५, दुसऱ्याचा १३. उत्तराचा मापांक काढायचा, तर तेहेतीसचा वर्ग १०८९, छप्पन्नचा ३१३६, बेरीज ४२२५, वर्गमूळ ६५. म्हणजे पाच गुणिले तेरा. हा योगायोग नाही; कोणत्याही दोन संमिश्र संख्या घेतल्या, तरी मापांकांचा गुणाकार हाच गुणाकाराचा मापांक असतो. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणले, की पुन्हा दोन वर्गांचीच बेरीज मिळते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात भावना नावाने जी रीत दिली आहे, तिचा हा एक विशेष प्रकार ठरतो. हॅमिल्टन यांनी या नियमाला मापांकांचा नियम म्हटले आणि तो कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नाही, असे ठरविले.

त्यांना आय हे गूढ चिन्हच मुळात खटकत होते. १८३३ मध्ये त्यांनी अकॅडमीपुढे मांडले, की संमिश्र संख्या म्हणजे साध्या संख्यांची फक्त एक जोडी. तिची बेरीज अशी करावी, गुणाकार असा करावा, एवढे नियम दिले की काल्पनिक असे काही उरत नाही. आज हीच व्याख्या जगभर शिकविली जाते. पण जोडीने सपाट कागद व्यापला, तर माणूस ज्या अवकाशात वावरतो त्याचे काय? लांबी, रुंदी आणि उंची यांसाठी तीन संख्यांचे त्रिक हवे आणि त्या त्रिकांचा गुणाकार करता यायला हवा. आय होताच, जोडीला जे घेतला. दोघांचेही वर्ग उणे एक. बेरीज आणि वजाबाकी विनासायास झाली. गुणाकार मात्र जमेना.

१८३३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी हेलन बेली यांच्याशी विवाह केला होता. हेलन यांची प्रकृती नाजूक होती आणि त्या दीर्घकाळ डन्सिंकबाहेर राहत. दोन मुलगे आणि एक मुलगी अशी तीन अपत्ये झाली. घरात व्यवस्था नव्हती, जेवणाच्या वेळा पाळल्या जात नव्हत्या, कागदांचे ढीग वाढत होते. १८४३ च्या ऑक्टोबरमध्ये वडील पुन्हा त्रिकांच्या मागे लागले, तेव्हा ही गोष्ट नऊ आणि आठ वर्षांच्या दोघा मुलांपर्यंतही पोहोचली होती. सकाळी न्याहारीला वडील खाली आले, की ती पोरे विचारत, बाबा, त्रिकांचा गुणाकार जमला का? आणि ते खिन्नपणे मान हलवून सांगत, की नाही, अजून बेरीज-वजाबाकीच येते. मुलांच्या प्रश्नाची ही आठवण त्यांनी पुढे मृत्यूच्या वर्षी लिहिलेल्या पत्रात आपल्या धाकट्या मुलाला सांगितली.

अडचण नेमकी कोठे होती, हे एका लहान उदाहरणात पाहता येते. चार, दोन, एक हे एक त्रिक आणि एक, एक, एक हे दुसरे. पहिल्याच्या वर्गांची बेरीज १६ अधिक ४ अधिक १, म्हणजे २१. दुसऱ्याची ३. मापांकांचा नियम पाळायचा, तर उत्तराच्या वर्गांची बेरीज ६३ यायला हवी. संमिश्र संख्यांच्या पद्धतीने पद-पद गुणत गेले, की उत्तरात साधी संख्या १ येते, आयसोबत ६ आणि जेसोबत ५. वर्गांची बेरीज १ अधिक ३६ अधिक २५, म्हणजे ६२. एकाने कमी. हा एक कोठे गेला? तो अडकला होता आय आणि जे यांच्या परस्परांशी झालेल्या गुणाकारात. आय गुणिले जे म्हणजे काय, हेच ठाऊक नव्हते. ते एक मानून पाहिले, उणे एक मानून पाहिले, नियम मोडला. शून्य मानले, तर एखाद्या त्रिकाचा स्वतःशीच गुणाकार बरोबर येई, पण दोन वेगळी त्रिके घेतली की वरच्यासारखी तूट पडे.

गंमत म्हणजे ही तूट भरून निघणे शक्यच नव्हते. ६३ ही संख्या तीन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून मांडताच येत नाही. कोणीही प्रयत्न करून पाहावा. तीन आणि एकवीस या दोन्ही संख्या तशा मांडता येतात, त्यांचा गुणाकार येत नाही. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी नेमके हेच उदाहरण आपल्या ग्रंथात देऊन ठेवले होते. ते वेळीच हॅमिल्टन यांच्या डोळ्यांखालून गेले असते, तर त्रिकांचा नाद त्यांनी केव्हाच सोडला असता. मग पुढचे काही घडलेच नसते.

सोमवार, १६ ऑक्टोबर १८४३. अकॅडमीच्या कार्यकारिणीच्या बैठकीचे अध्यक्षस्थान स्वीकारण्यासाठी हॅमिल्टन रॉयल कॅनालच्या काठाने डब्लिनकडे पायी निघाले होते. बरोबर पत्नी होत्या. त्या अधूनमधून बोलत होत्या, हे उत्तरे देत होते. पण डोक्यात दुसरेच चालले होते. आय गुणिले जे शून्य मानण्याची गरज नाही, हे त्यांच्या आधीच लक्षात आले होते. आय गुणिले जे आणि जे गुणिले आय ही दोन उत्तरे एकमेकांच्या उलट चिन्हांची असली, तरी काम भागते. म्हणजे तीन चोक बारा आणि चार त्रिक उणे बारा, असे मानण्यासारखे हे होते. तेवढे धाडस त्यांनी केले होते. आता ब्रूम पुलाजवळ येताना दुसरी गाठ सुटली. आय आणि जे यांचा गुणाकार ना साधी संख्या आहे, ना आय, ना जे. ते एक नवेच, तिसरे चिन्ह आहे. त्याला के म्हणावे. अवकाशाला तीन दिशा आहेत, पण गुणाकाराला चार घरे लागतात.

वरच्या उदाहरणातील हरवलेला एक या चौथ्या घरात सापडतो. आय-जे क्रमाने दोन आले, जे-आय क्रमाने एक आला. चिन्हे उलट असल्याने वजा होऊन के सोबत एक उरला. १, ६, ५ आणि १. वर्गांची बेरीज ६३. मापांकांचा नियम वाचला.

खिशातून वही काढून त्यांनी तेथल्या तेथे समीकरणे टिपून घेतली. तेवढ्याने समाधान झाले नाही, म्हणून चाकू काढून पुलाच्या दगडावर मूळ सूत्र कोरले: आय, जे आणि के यांतील प्रत्येकाचा वर्ग उणे एक आणि तिघांचा क्रमाने केलेला गुणाकारही उणे एक. त्याच दिवशी बैठकीत त्यांनी या विषयावर निबंध वाचण्याची परवानगी घेतली आणि १३ नोव्हेंबरला तो वाचला. दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, मित्र जॉन ग्रेव्ह्ज यांना सविस्तर पत्र लिहून सगळा शोध त्यांनी पायरीपायरीने सांगितला. या चार घरांच्या संख्येला त्यांनी नाव दिले क्वाटर्निअन.

गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलते, ही गोष्ट १८४३ मध्ये विक्षिप्त वाटली, तरी व्यवहारात ती रोज घडते. टेबलावर एक पुस्तक ठेवावे. ते आधी समोरच्या दिशेला काटकोनात उलटे करावे आणि मग उजवीकडे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून आधी उजवीकडे आणि मग समोर उलटे करावे. पुस्तक दोन वेगळ्या स्थितींत पडलेले दिसेल. अवकाशातील फिरणे क्रमावर अवलंबून असते आणि क्वाटर्निअनचा गुणाकार हे फिरणेच मोजतो. नियम सोडण्याची वाट एकदा मोकळी झाल्यावर इतरांनाही धीर आला. ग्रेव्ह्ज यांनी त्याच डिसेंबरमध्ये आठ घरांच्या संख्या तयार केल्या. त्यांतही मापांकांचा नियम टिकतो, पण आणखी एक जुना नियम सोडावा लागतो. एक, दोन, चार आणि आठ याखेरीज कोणत्याही घरसंख्येत हे शक्य नाही, हे हुर्विट्झ यांनी १८९८ मध्ये सिद्ध केले.

हॅमिल्टन यांनी उरलेली बावीस वर्षे क्वाटर्निअनलाच वाहिली. हा शोध न्यूटनच्या कलनशास्त्राच्या तोडीचा आहे, अशी त्यांची खात्री होती. सदिश आणि अदिश राशींसाठीचे व्हेक्टर आणि स्केलर हे शब्द त्यांनी याच कामात घडविले. मापांकालाही त्यांनी टेन्सर असे नवे नाव दिले होते; पुढे तो शब्द दुसऱ्याच अर्थाने रूढ झाला. १८५३ मध्ये व्याख्यानांचा जाडजूड ग्रंथ निघाला. तो इतका दुर्बोध होता, की मोठमोठ्या गणितींनीही तो मध्येच खाली ठेवला. ज्याला एक सूत्र दगडावर चार अक्षरांत कोरता आले, त्याला ते पुस्तकात थोडक्यात सांगता आले नाही.

या काळात मद्याचे प्रमाण वाढले होते. १८४६ मध्ये डब्लिनमधील एका विद्वत्सभेच्या मेजवानीत त्यांचा तोल गेला आणि त्याची शहरभर चर्चा झाली. त्यानंतर त्यांनी मद्य वर्ज्य केले. तो निश्चय दोनेक वर्षे टिकला. जुन्या चरित्रकारांनी त्यांचे उत्तरायुष्य म्हणजे मद्यपान आणि विस्कटलेला संसार असे काळेकुट्ट रंगविले आणि त्याचा दोष बहुतांशी हेलन यांच्या माथी मारला. अलीकडच्या संशोधनाने या चित्राला बरीच मुरड घातली आहे. सतत आजारी असूनही हेलन यांनी या माणसाशी संसार केला, हे चरित्रकारांच्या फारसे लक्षात आले नव्हते असे दिसते.

कॅथरीन मात्र मनातून गेली नाही. तिचा संसार सुखाचा नव्हता. १८४८ मध्ये दोघांत काही काळ पत्रव्यवहार झाला. त्याची तिला इतकी टोचणी लागली, की तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. १८५३ मध्ये ती मृत्युशय्येवर असताना हॅमिल्टन तिला भेटायला गेले. क्वाटर्निअनवरील आपल्या ग्रंथाची प्रत त्यांनी गुडघे टेकून तिच्या हाती दिली. थोड्याच दिवसांत ती वारली.

दुसरा ग्रंथ पूर्ण करण्यासाठी ते शेवटपर्यंत झटले. १८६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकॅडमीने त्यांना आपला पहिला परदेशी सदस्य म्हणून मान दिला. त्याच वर्षी २ सप्टेंबर रोजी डन्सिंक येथे त्यांचे निधन झाले. वय साठ. अपुरा ग्रंथ थोरला मुलगा विल्यम एडविन याने संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. न्याहारीच्या टेबलावर त्रिकांची चौकशी करणाऱ्या दोघांतलाच हा एक.

पुढे १८८० च्या दशकात अमेरिकेत गिब्ज आणि इंग्लंडमध्ये हेव्हिसाइड यांनी क्वाटर्निअनमधून सदिशांचा भाग वेगळा काढला आणि बाकीचे बाजूला ठेवले. त्यावरून नियतकालिकांत जोरदार भांडणे झाली. स्कॉटलंडचे पीटर टेट हॅमिल्टन यांची बाजू अखेरपर्यंत लढले. जिंकली ती सदिश पद्धत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती आजही शिकविली जाते. क्वाटर्निअन अडगळीत गेले, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंतराळयान आणि संगणक यांनी पुन्हा बाहेर काढले. यान कोणत्या दिशेला तोंड करून आहे, चित्रपटातील संगणकीय पात्राने मान किती वळविली, हे चार आकड्यांत साठविणे सोयीचे पडते. अट एकच, की त्या चार आकड्यांचा मापांक एक असला पाहिजे. मापांक एक असलेल्याने गुणले, की वस्तू फिरते, पण ताणली किंवा आक्रसली जात नाही. याची हमी मापांकांचा नियमच देतो. यंत्रातील आकडेमोडीत बारीक चुका साचत जातात आणि मापांक एकापासून किंचित ढळतो. तेव्हा संगणक चारही आकड्यांचे वर्ग करतो, बेरीज घेतो, वर्गमूळ काढतो आणि त्याने प्रत्येक आकड्याला भागतो. हे काम एका सेकंदात अनेकदा चालते.

पुलावरची चाकूची अक्षरे ऊनपावसात केव्हाच पुसली गेली. १३ नोव्हेंबर १९५८ रोजी आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांनी तेथे पाटी बसविली. डी व्हॅलेरा स्वतः गणिताचे शिक्षक होते आणि तरुणपणी ती कोरलेली अक्षरे शोधत या पुलावर आले होते. १९९० पासून दर १६ ऑक्टोबरला डन्सिंक वेधशाळेपासून पुलापर्यंत गणितप्रेमींची पदयात्रा निघते. २०१७ मध्ये डब्लिनची ट्राम या पुलापर्यंत येऊन पोहोचली. शेवटच्या थांब्याचे नाव ब्रूमब्रिज आणि शेजारच्या ट्राम आगाराचे नाव हॅमिल्टन.